मास्तर आणि अस्तर

कोट अंगावर नीट बसला की लोक म्हणतात, काय शिवलाय मास्तरांनी! त्यातलं निम्मंच खरं असतं. माप घेणं, कापड कापणं, आत कॅनव्हास बसवणं आणि पडलेल्या खांद्यालाही थोडी उभारी आणणं ही मास्तरांची कामं. अस्तर मात्र त्यांच्या बायकोचं. गल्लीत त्यांना अस्तरबाई म्हणत, आणि बाईंनी ते नाव पदवीसारखं मिरवलं होतं. कापडाची वाहवा रस्त्यावरचा कोणीही करतो, असं त्यांचं म्हणणं. अस्तर कसं आहे ते फक्त आत हात घालणाऱ्याला कळतं, आणि तो ते कोणाला सांगत बसत नाही, पुढच्या वेळी गुपचूप याच दुकानात येतो. हातातलं गिऱ्हाईक टिकतं ते अस्तरावर. बाहेरच्या कापडाच्या वाट्याला नुसती शाबासकी येते.

दुकानात मधोमध एक लाकडी पार्टिशन होतं. पुढे कापायचं टेबल, टेप, खडू, आरसा आणि मास्तर. मागे मशीन, इस्त्री आणि बाई. पार्टिशन खांद्याएवढं उंच असल्यामुळे बाई मशीनवर बसल्या की नवरा-बायकोला एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, पण बोलणं सगळं ऐकू जायचं. संसाराला याहून सोयीची रचना शोधून सापडणार नाही.

अर्थात ऐकू जाण्यासाठी आधी कोणीतरी बोलावं लागतं. मास्तर गिऱ्हाइकाची छाती, कंबर, बाही सगळं खणखणीत आवाजात पुकारायचे. स्वतःविषयी मात्र ओठाला टाका. दाढ काढून आले ते बाईंना कळलं गाल सुजल्यावर. लेकीने स्वतः ठरवलेला जावई आपल्याला पसंत आहे, हे त्यांनी नातू चालायला लागल्यावर सांगितलं. बाई वैतागून म्हणायच्या, “आतल्या गाठीचा माणूस मेला.” आणि मास्तर मनातल्या मनात हे प्रशस्तिपत्रक समजून ठेवून द्यायचे.

त्यामुळे पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी एका सकाळी पडद्याकडे बोट दाखवून “तुमच्या जठरात आतल्या बाजूला एक गाठ दिसते आहे” असं सांगितलं, तेव्हा मास्तरांना भीती वाटण्याच्याही आधी वाटलं ते हे, की बायकोचं बोलणं कोणीतरी फारच मनावर घेतलंय.

तिथवर ते पोहोचले ते शेजारच्या चष्मेवाल्यामुळे. छातीत जळजळ व्हायची, आंबट पाणी वर यायचं. जेवून लगेच टेबलावर ओणवं होऊन कापत बसणाऱ्याला हे व्हायचंच, असं स्वतःच निदान करून मास्तर औषधाच्या दुकानातल्या गोळ्या चघळत होते. चष्मेवाला त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. त्याने एक दिवस गोळ्यांचं पाकीट हिसकावून घेतलं आणि त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. बाईंना सांगितलं, ठोक व्यापाऱ्याकडे कापड बघायला जातोय. घशात फवारा मारून तोंडावाटे दुर्बीण घातली, ती पाच-दहा मिनिटांत बाहेरही आली. मास्तरांनी येताना खरोखरच थोडं कापड आणलं. खोटं बोलायचं तर त्याला अस्तर लावून बोलावं, एवढा धंदा त्यांनाही कळत होता.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे मास्तरांना त्या आवडल्या. त्यांनी सांगितलं ते एवढंच. जठराचं अस्तर चांगलं आहे, गुळगुळीत आहे, जखम नाही. पण एका जागी ते खालून उचललं गेलंय. म्हणजे गाठ अस्तरावर नाही, अस्तराच्या खाली आहे, जठराच्या भिंतीत. चिमट्याने तुकडा काढला तर वरचं अस्तरच हाती येतं, आणि त्यात दोष सापडणार नाही, कारण दोष त्यात नाहीच. म्हणून दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी लावून भिंतीचे थर बघायचे आणि गाठ कुठल्या थरातली, केवढी, कशी, ते ठरवायचं. अशा बऱ्याचशा गाठी आयुष्यभर काही करत नाहीत. काही करतात. कुठली आपली, ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

“बुधवारी या,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी गुंगीचं औषध देणार. घरचं माणूस सोबत आणा, त्याशिवाय आम्ही करत नाही.”

गाठीची गोष्ट मास्तरांना चटकन समजली. अस्तराखाली कापसाचा गोळा राहून गेला की कोट बाहेरून असाच फुगतो. समजलं नाही ते एकच: घरचं माणूस कुठून आणायचं? घरात माणूस एकच होतं, आणि त्याला काही सांगायचं नव्हतं.

का सांगायचं नव्हतं, याचाही त्यांचा एक हिशेब होता, आणि तो पुरता शिंपीकामाचा होता. त्यांना वाटायचं, न बोललेली गोष्ट सुरगाठीसारखी असते, एक टोक ओढलं की सुटून जाते. बोलून दाखवली की निरगाठ बसते. मग दातांनीही सुटत नाही.

सोमवारी दवाखान्यातून फोन आला. मास्तर टेबलापाशी होते, हातात खडू होता, आणि पलीकडे बाईंचं मशीन घरघरत होतं. त्या घरघरीवर भरवसा ठेवून त्यांनी फोन घेतला. पण मशीन टीप संपली की थांबतं, ते कोणाचं गुपित बघून थांबत नाही. नेमकी टीप संपली आणि दुकानभर मास्तरांचा गिऱ्हाईक-पुकार आवाज घुमला.

“हो, हो, अस्तराखालीच म्हणाला होतात तुम्ही. वरून काही दिसत नाही, गाठ आत आहे. बुधवारी उघडून… म्हणजे आत बघूनच कळेल. बरं. येतो.”

फोन ठेवला. मशीन पुन्हा सुरू झालं नाही. पार्टिशनवर बाईंचा चेहरा उगवला, बोटात अंगुस्तान तसंच.

“कोणाचा कोट?” बाईंनी विचारलं.

माणूस खोटं बोलतो तेव्हा निम्मं काम बहुतेक वेळा समोरचाच करून देतो. मास्तरांनी तोपर्यंत एकही खोटा शब्द उच्चारलेला नव्हता. बाईंनीच तयार सबब हातात आणून दिली. आता फक्त बटण लावायचं होतं.

“आहे एका गिऱ्हाइकाचा,” मास्तर म्हणाले.

“माझ्या अस्तराखाली गाठ?”

मास्तर खडूने कापडावर रेघ ओढू लागले. रेघ वाकडी गेली. खरं सांगायला तो क्षण पुरेसा होता, आणि मास्तरांना तो दिसलाही होता. पण आपलं पोट झाकायला बायकोचं नाव पुढे केलं की बुधवारपर्यंतची तरी सोय होत होती. “होतं कधी कधी,” ते म्हणाले.

हे ‘होतं कधी कधी’ बाईंना जिव्हारी लागलं. त्या भांडल्या असत्या तर बरं होतं. त्या गप्प बसल्या. नवऱ्याचा गप्पपणा घरातल्या भिंतींना सवयीचा होता, बायकोचा नव्हता. घर एकदम परकं वाटायला लागलं. रात्री ताट वाढलं गेलं, पाणी भरलं गेलं, सगळं बिनबोभाट. मंगळवारी सकाळी दुकान उघडल्यावर बाई मशीनवर बसल्याच नाहीत. दांडीवर टांगलेला एकेक कोट त्यांनी खाली उतरवला, मांडीवर घेतला आणि डॉक्टर पेशंटचं पोट दाबून बघतो तसा पंजाने दाबत दाबत तपासला. छाती, पाठ, बगल, खिशाची मागची बाजू. काही लागलं नाही की कोट परत दांडीवर. मास्तर आरशातून बघत होते. प्रत्येक दाबाला त्यांचा हात आपोआप स्वतःच्या पोटाकडे जात होता.

त्यांनी चष्मेवाल्याला गाठलं. बुधवारी तूच चल, म्हणाले, घरचा म्हणून सही कर, भाऊ आहे म्हणून सांग. चष्मेवाला एका चष्म्याची काडी आवळत होता. त्याने मान वर केली नाही. तो म्हणाला की दवाखान्यात नेलं ते नेलं, पण भाऊ होणार नाही. खोटं सांगायला त्याला काहीच वाटलं नसतं. पण उद्या आत काही बरंवाईट निघालं तर बाहेर बाकावर आपण बसलेलो आणि बाई दुकानात अस्तरं चाचपत बसलेल्या, हे त्याला सोसणारं नव्हतं.

“तुझ्या गाठीपेक्षा मला तिची जास्त भीती वाटते,” तो म्हणाला. “जा, सांग तिला.”

“सांगतो.”

“कधी? नातू चालायला लागल्यावर?”

मास्तर चहा न पिताच उठले. आता त्यांच्याकडे दोनच वाटा होत्या. सांगायचं, नाहीतर बुधवारी जायचंच नाही. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी, की दुकानापर्यंतच्या त्या चार पावलांत त्यांनी दुसरी वाट जवळजवळ पक्की केली होती. एवढी वर्षं गाठ गप्प होती, आणखी राहील. दोघांचा स्वभाव जुळण्यासारखा होता.

दुकानात शिरले आणि तिथेच थबकले.

कापायच्या टेबलावर वकीलसाहेबांचा कोट पडला होता. हे वकीलसाहेब येत्या शुक्रवारी न्यायाधीश म्हणून शपथ घेणार होते. काळा, उंची कापडाचा, इस्त्री करून बटणं लावून तयार झालेला तो कोट बुधवारी संध्याकाळी त्यांच्या हाती पडायचा होता. तो आता उलटा होता. खालची शिवण उसवलेली, अस्तर दोन्ही बाजूंना पाकळ्यांसारखं उघडलेलं, छातीचा कॅनव्हास बाहेर, खांद्याच्या गाद्या काढून शेजारी ठेवलेल्या. बाई हातात लहान कात्री घेऊन उभ्या होत्या. त्यांनी रडून घेतलं होतं आणि तोंडही धुऊन घेतलं होतं.

“बाकी सगळे बघून झाले,” त्या म्हणाल्या. “हाच राहिला होता. यातही नाही. मला दाखवा आता, कुठे आहे गाठ?”

मास्तर टेबलापाशी आले. एक गादी उचलली, परत ठेवली. मग त्यांनी बाईंचा हात धरला, अंगुस्तानासकट, आणि आपल्या सदऱ्यावर, बेंबीच्या जरा वर ठेवला.

“इथे.”

बाईंनी हात काढला नाही. धंद्याची सवय म्हणून असेल, पण पहिल्यांदा त्यांनी दाबून बघितलं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे.

“हाताला लागत नाही,” त्या म्हणाल्या.

“डॉक्टरीणबाईंनाही लागली नाही. दुर्बिणीत दिसली. अस्तराखाली आहे.”

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. जळजळ, गोळ्या, ठोक व्यापारी, चिमटा, थर, बुधवार, घरचं माणूस. मास्तर इतकं सलग बोललेले बाईंनी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मध्ये थांबवण्याची त्यांना छाती झाली नाही.

“म्हणजे माझ्या अस्तरात गाठ नव्हती,” बाई म्हणाल्या.

“नव्हती.”

“कधीच नव्हती.”

“कधीच नव्हती.”

बाईंनी मान हलवली. ही बाब आधी निकाली काढणं भाग होतं; त्याशिवाय पुढच्याला हात घालता येत नव्हता. मग त्या स्टुलावर बसल्या आणि पुन्हा तोंड धुण्याची वेळ आली. मास्तरांना काय करावं सुचेना. त्यांनी टेप काढून गळ्यात घातला, परत काढला, शेवटी स्टुलाशेजारी कापडाच्या गठ्ठ्यावर टेकले आणि सुरगाठ-निरगाठीचं आपलं शास्त्र बायकोला सांगितलं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“सुरगाठ एका ओढीत सुटते हो,” त्या म्हणाल्या. “पण टोक ओढायला कुणाच्या हातात तरी द्यावं लागतं. तुम्ही दोन्ही टोकं गिळून बसलात.”

बुधवारी दुकान बंद राहिलं. दवाखान्यात नावापुढे ‘सोबत कोण’ असं विचारलं तेव्हा मास्तरांच्या आधी बाईंनीच उत्तर दिलं. गुंगी उतरायला लागली तशी मास्तरांना आधी छत दिसलं, मग बायको. ती डॉक्टरीणबाईंच्या पडद्यासमोर उभी होती आणि बायका एकमेकींशी बोलतात तसं दोघींचं चाललं होतं. पडद्यावर करड्या-पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या, एकाखाली एक. ही सगळ्यात वरची आतलं अस्तर, असं डॉक्टरीणबाई दाखवत होत्या, मग मऊ थर, मग स्नायूंचा, मग बाहेरचा. गाठ स्नायूंच्या थरात होती. शर्टाच्या बटणाएवढी, कोटाच्या मोठ्या बटणाएवढीसुद्धा नव्हती. कडा सारख्या, आत वेडंवाकडं काही नाही. सुई घालून नमुना घ्यावा एवढीही तिची ऐपत नव्हती.

“नक्की कुठल्या जातीची ते आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण घाबरावं असं तिच्यात काही दिसत नाही. वर्षाने परत बघू. वाढली तर काढू. वाढली नाही तर राहू दे तिला.”

“म्हणजे कच्चा टाका घालून ठेवायचं,” बाई म्हणाल्या, “आणि वर्षाने ट्रायल.”

डॉक्टरीणबाईंना हे समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्या पहिल्यांदाच हसल्या. मास्तर खाटेवर पडल्या पडल्या विचार करत होते, की आयुष्यभर आपण लोकांना तारखा दिल्या. आज कोणीतरी आपल्याला दिली. तारीख मिळालेल्या माणसाला कसं वाटतं ते त्यांना कळलं. दुकानातून तारखेवर बोळवण झालेल्या सगळ्या गिऱ्हाइकांची त्यांनी मनोमन क्षमा मागितली. मग गुंगी पुरती उतरली, आणि तो विचारही गेला.

वकीलसाहेब गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळीच दारात हजर होते. आदल्या संध्याकाळी येऊन कुलूप बघून गेले होते. कोट टेबलावर होता, निम्मा उसवलेला, आणि बाई मागे खांद्याच्या गाद्या टाचत होत्या.

मास्तरांच्या पोतडीत सबबी भरपूर होत्या. मशीनचा पट्टा तुटला, बटणं बाहेरून यायची आहेत, इस्त्रीने दगा दिला. वकीलसाहेबांना त्या सगळ्या पाठ होत्या. त्यातल्या काहींवर तर त्यांनी मास्तरांना सुधारणाही सुचवल्या होत्या. पण त्या दिवशी मास्तर अजून सैल होते, दोन दिवसांपूर्वी सुटलेला दोरा अजून सुटतच होता. ते खरं बोलून गेले. पोटात गाठ निघाली, म्हणाले, काल दवाखान्यात होतो.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “मास्तर,” ते म्हणाले, “पट्टा मी मानला. बटणं मानली. तुमच्या सासूबाई तीनदा वारल्या, तिन्ही वेळा मी दुखवट्याचे दोन शब्द बोललो. पण आता स्वतःच्या पोटावर येऊ नका. सबबीतही माणसाने काही इमान ठेवावं.”

मागे सुई थांबली. पार्टिशनवर बाई उगवल्या.

“माझी आई किती वेळा वारली?” त्यांनी विचारलं.

मास्तरांनी टेपकडे बघितलं. बाईंची आई लेकीकडच्या प्रत्येक समारंभाला हिंडत होती आणि तिला अजून चष्म्याशिवाय सुई ओवता येत होती. हा हिशेब नंतर पुरा करायचा, अशी नोंद बाईंच्या चेहऱ्यावर उमटली. मग त्या पार्टिशनला वळसा घालून पुढे आल्या.

“साहेब, कोट मी उसवलाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या अस्तराखाली काही नाही, ते मी टाका टाका काढून बघितलंय. यांच्या अस्तराखाली आहे. तेही काल बघून आलेय. आता काय मानायचं ते माना. कोट उद्या सकाळी मिळेल.”

वकीलसाहेबांनी आयुष्यात साक्षीदार पुष्कळ पाहिले होते. त्यांनी बाईंकडे बघितलं, मास्तरांच्या सदऱ्याकडे बघितलं, आणि उलटतपासणी घेतली नाही. बाजूचं स्टूल ओढून ते मास्तरांसमोर बसले. मग गाठ केवढी, डॉक्टर कोण, परत कधी, असं सगळं विचारलं, आणि मास्तरांनी न अडखळता सगळं सांगितलं. जाताना वकीलसाहेब म्हणाले की शपथ जुन्या कोटातही घेता येते, सवडीने करा.

कोट शुक्रवारी सकाळी तयार होता. अस्तर बंद करायच्या आधी बाहीतल्या शिवणीत बाईंनी नेहमीप्रमाणे चार बोटं जागा सोडली होती. तिथून सगळा कोट आत-बाहेर करून सुलटा काढतात आणि मग ती जागा हातशिलाईने मिटवतात. वकीलसाहेबांनी आरशासमोर कोट घातला. कापडाविषयी ते काही बोलले नाहीत. पण दाराबाहेर पडताना त्यांचा उजवा हात सहज कोटाच्या आत गेला, अस्तरावरून एकदा फिरला आणि परत आला. बाईंनी पार्टिशनवरून ते बघितलं आणि समाधानाने मशीनवर बसल्या.

दुकानात दोघंच राहिली. मास्तरांनी नवं कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला, ठेवला.

“अगं, ऐकलंस का?” त्यांनी पार्टिशनकडे तोंड करून हाक मारली.

“काय?”

“डाव्या गुडघ्यातही जरा दुखतं. बरेच दिवस.”

मशीन थांबलं.

“आणखी?” बाई म्हणाल्या.

“आणखी म्हणजे… मागच्या वर्षी जिन्यावर पडलो होतो.”

“थांबा जरा,” बाई म्हणाल्या. “एवढी टीप संपू दे. आज गुडघा पुरे. जिना उद्या काढा.”

आणि मशीन पुन्हा घरघरू लागलं.